सीईटीचं गणित : ऑक्टोबर छाटणीपासून एप्रिल छाटणीपर्यंत

आमच्या घरात वर्ष कॅलेंडरवर मोजत नाहीत, द्राक्षबागेवर मोजतात. ऑक्टोबर छाटणी, मग माल, मग फेब्रुवारी-मार्चची काढणी आणि एप्रिलची खरड छाटणी. मी तासगाव तालुक्यातल्या गावातून एसटीच्या पासावर रोज सांगलीला अकरावी-बारावी केली आणि २०२३ च्या मे महिन्यात एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, दिली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात वर्गात कायम पहिल्या दोघींत. तरी घरी वेळ लावून सोडवलेल्या पहिल्या सराव पेपरात ५० पैकी १७ प्रश्न बरोबर आले. त्या दिवशी मी जेवले नव्हते.

आता चुलत भाऊ बारावीला आहे आणि तो मला तेच विचारतो, जे मी तेव्हा विचारत होते : "ताई, घटक चाचणीत पैकीच्या पैकी पडतात, मग सीईटीचे प्रश्न का सुटत नाहीत?" त्याला तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे एकत्र लिहिते. हे पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपवाल्यांसाठी आहे, म्हणजे इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी.

१. पेपर आधी ओळखून घ्या

गणिताचे प्रश्न ५०, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचेही ५०-५० प्रश्न असतात, पण तिथे प्रश्नाला १ गुण. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले, तर आधी गणिताचे बघतात. "माझं केमिस्ट्री चांगलं आहे, गणित ओढून नेईन" हा हिशोब इथे बसत नाही.

परीक्षा संगणकावर. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, ती संपल्यावर गणित उघडतं, आणि मग मागे जाता येत नाही. केमिस्ट्री लवकर आटोपली म्हणून उरलेली दहा मिनिटं गणिताला मिळत नाहीत. मी शेवटपर्यंत ती मिळतील असंच धरून चालले होते.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला उणे १ असतो, त्यामुळे दोन्ही परीक्षांची तयारी करणारी पोरं सीईटीतही भीतभीत प्रश्न कोरे सोडतात. तसं करू नका.

निकाल गुणांत नसतो, पर्सेंटाइलमध्ये असतो : तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती. पेपर अवघड निघाला तर सगळ्यांनाच अवघड, म्हणून घाबरून उठायचं कारण नाही.

आता भागाकार करा. ९० मिनिटं म्हणजे ५४०० सेकंद, भागिले ५०. एका प्रश्नाला १०८ सेकंद. भावाच्या टेबलासमोर मी हा आकडा खडूने लिहून ठेवलाय. पुढचं सगळं या आकड्याभोवती फिरतं.

२. काय काय लागतं

- बालभारतीची अकरावीची गणिताची दोन्ही पुस्तकं आणि बारावीची दोन्ही. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात.
- सीईटी कक्षाने, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाने, त्या वर्षासाठी दिलेला अभ्यासक्रम आणि माहितीपुस्तिका. मित्राने पाठवलेला जुना फोटो चालणार नाही, दरवर्षी स्वतः बघा.
- बहुपर्यायी प्रश्नांचा एकच संच. एकच! माझ्याकडे चार होते आणि चारही अर्धे सोडवलेले.
- दोनशे पानी तीन वह्या. एक सूत्रांची, एक शब्दांची, एक चुकांची.
- काट्यांचं घड्याळ. कॅल्क्युलेटर कपाटात ठेवा, परीक्षेत तो नसतो.

क्लास लावायचा का, हे मला नेहमी विचारतात. लावा, पण अकरावीचे कोणते धडे आणि किती तास घेणार हे पैसे भरण्याआधी विचारा. माझ्या क्लासने अकरावी "तुमचं झालेलंच आहे" म्हणून दोन रविवारांत उरकली होती. ज्यांना फी परवडत नाही आणि जे ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात आहेत, त्यांनी दहावीच्या निकालानंतर लगेच महाज्योती या सरकारी संस्थेच्या मोफत सीईटी प्रशिक्षणाची जाहिरात शोधावी. त्यात ऑनलाइन शिकवणी आणि टॅब मिळतो. बारावीच्या दिवाळीत जाग आली तर वेळ गेलेली असते.

३. अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका

साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. म्हणजे गणितात दहाएक प्रश्न, २० गुण. अकरावीचे सगळे धडे नसतात, ठरावीक असतात : त्रिकोणमितीचा दुसरा भाग, सरळ रेषा, वर्तुळ, विचलनाची मापं, संभाव्यता, संमिश्र संख्या, क्रमचय-संचय, फलनं, सीमा आणि सातत्य. तुमच्या वर्षाच्या यादीशी ताडून घ्या आणि यादीत नसलेल्या धड्यांच्या नादी लागू नका.

आपल्याकडे अकरावी म्हणजे दहावीनंतरची विश्रांती, असा समज आहे. पण बारावीचं अर्धं गणित अकरावीच्या त्रिकोणमितीवर उभं आहे. साइन टू-एक्स, कॉस टू-एक्स, बेरजेचं गुणाकारात रूपांतर ही सूत्रं झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत. ती अडली की इंटिग्रेशन अडतं, आणि मग पोरगं म्हणतं "मला इंटिग्रेशन जमत नाही." त्याला खरं तर त्रिकोणमिती जमत नसते.

४. शब्दांची वही

मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे सोडून पुढे जाऊ नका. बाकीच्यांनी गेलात तरी चालेल.

दहावीत आपण स्पर्शिका, कर्ण, लंब, चल म्हणत होतो. अकरावी सायन्सला वर्गात पाय ठेवला की टॅन्जंट, हायपोटेन्युज, परपेंडिक्युलर, व्हेरिएबल. नुसते प्रतिशब्द पाठ करून भागत नाही, कारण काही शब्द दुहेरी आहेत. टॅन्जंट म्हणजे स्पर्शिकाही आणि टॅन हे गुणोत्तरही. रूट म्हणजे समीकरणाचं मूळ आणि वर्गमूळही. नॉर्मल म्हणजे वक्राला काढलेला अभिलंब, नेहमीचं "नॉर्मल" नव्हे.

संभाव्यतेत तर एका शब्दावर दोन गुण जातात. अ‍ॅट लीस्ट म्हणजे किमान, अ‍ॅट मोस्ट म्हणजे जास्तीत जास्त. घाईत माझी या दोघांत नेहमी अदलाबदल व्हायची. मग मी वहीत एकच उदाहरण लिहिलं : नाणं पाच वेळा उडवलं, किमान एक छापा येण्याची संभाव्यता. "एकही छापा नाही" हे एकातून वजा करा. १ वजा १/३२, म्हणजे ३१/३२. अ‍ॅट लीस्ट दिसलं की आधी "एकही नाही" काढायचं, ही सवय तिथून लागली.

रोज एसटीत पाच शब्द. मणेराजुरी येईपर्यंत वाचून होतात, मग खिडकीबाहेर बघायला मोकळे.

फॉर्म भरताना प्रश्नपत्रिकेची भाषा निवडण्याचा रकाना असेल, तर माहितीपुस्तिकेतला नियम वाचून, अकरावी-बारावी ज्या भाषेतून शिकलात तीच घ्या. "मराठी सोपी जाईल" म्हणून ऐन वेळी बदललं, तर फिजिक्समध्ये "सदिश" बघून डोकं फिरेल, कारण दोन वर्षं तुम्ही व्हेक्टरच म्हणत होता. गणिताचा पेपर तर इंग्रजीतच असतो.

५. धड्यांचा क्रम, बागेच्या हिशोबाने

बारावीचे एकूण १५ धडे आहेत, पहिल्या भागात ७ आणि दुसऱ्यात ८. कॉलेजात दोन शिक्षक दोन्ही भाग एकाच वेळी सुरू करतात. ते चालू द्या, घरी तुमचा क्रम वेगळा ठेवा.

जून ते ऑक्टोबर छाटणी : अकरावीची त्रिकोणमिती, सीमा, मग बारावीची त्रिकोणमितीय फलनं, डिफरन्शिएशन आणि त्याची उपयोजनं. ही एकच साखळी आहे, मधली कडी सोडायची नाही. दिवाळीपर्यंत इंटिग्रेशनला हात घाला.

दिवाळी ते नाताळ : इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रेशन, क्षेत्रफळ, डिफरन्शियल इक्वेशन. शेजारी व्हेक्टर आणि लाइन अँड प्लेन. लाइन अँड प्लेनला पोरं घाबरतात, पण व्हेक्टर नीट झाला असेल तर ते त्याचंच पुढचं पाऊल आहे.

लॉजिक, मॅट्रिक्स, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, लिनिअर प्रोग्रॅमिंग, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, बायनॉमिअल हे छोटे धडे. थकलेल्या दिवसांसाठी राखून ठेवा. घरी औषध मारायचं असेल, रात्री लाइट नसेल, पाहुणे आले असतील, त्या दिवशी यातलं एखादं.

जानेवारी ते बोर्ड संपेपर्यंत : फक्त बोर्ड. काढणीची धांदल याच दिवसांत असते, तेव्हा घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी पीसीएममध्ये ४५ टक्के आणि राखीवसाठी ४० टक्के लागतातच. ते नसतील तर सीईटीत कितीही पडून उपयोग नाही.

बोर्डानंतर : हे महिना-दीड महिना सोन्याचे. एप्रिलची छाटणी आली की बापाला मदत करावीशी वाटते. सकाळी दोन तास करा, पण दुपारी उन्हाच्या वेळी घरात बसून रोज एक पेपर झालाच पाहिजे.

६. बोर्डाची रीत आणि सीईटीची रीत

बोर्डात पायऱ्यांना गुण असतात. उत्तर चुकलं तरी तीनपैकी दोन मिळतात. सीईटीत पायऱ्या कोणी बघत नाही. दोन वर्षं आपण सुबक पायऱ्या लिहायची सवय लावतो, आणि १०८ सेकंदांत तीच सवय नडते.

एक उदाहरण. २ ते ७ या मर्यादांत इंटिग्रेशन करायचंय. अंशात वर्गमूळ एक्स, छेदात वर्गमूळ एक्स अधिक वर्गमूळ ९ वजा एक्स. बोर्डाला आपण आय इज इक्वल टू लिहितो, गुणधर्म लिहितो, दुसरं समीकरण, दोन्हींची बेरीज, अर्धं पान. सीईटीत एवढंच बघा : मर्यादांची बेरीज ९, आणि एक्सच्या जागी ९ वजा एक्स घातलं की छेद तोच राहून अंशात छेदातलं दुसरं पद येतं. मग उत्तर मर्यादांच्या फरकाच्या निम्मं. ७ वजा २, भागिले २, म्हणजे ५/२. दहा सेकंद. पण ही युक्ती का चालते हे बोर्डाच्या पायऱ्यांतून एकदा समजलेलं असावं लागतं, नाहीतर मर्यादांची बेरीज जुळत नसतानाही तुम्ही निम्मं करून मोकळे व्हाल.

दुसरी रीत म्हणजे उलटं जाणं. इंडेफिनिट इंटिग्रेशनमध्ये चार पर्याय समोरच आहेत. पर्यायाचं डिफरन्शिएशन करा आणि प्रश्न परत मिळतो का बघा. एक्स गुणिले ई-चा-एक्स-वा-घात याचं इंटिग्रेशन विचारलं आणि पर्यायात एक्स वजा १ गुणिले तोच घात असेल, तर त्याचं डिफरन्शिएशन मनात होतं. बायपार्ट्सची गरज नाही.

तिसरी, किंमत घालून बघणं. त्रिकोणमितीत कोन घालून पर्याय कापता येतात. पण ४५ अंश घालू नका. तिथे साइन आणि कॉस सारखेच, त्यामुळे चुकीचे पर्यायही बरोबर ठरतात. ३० घाला.

काही गोष्टी तर थेट पाठच ठेवा. वाय वर्ग बरोबर ४एएक्स या पॅराबोलाचं आणि त्याच्या लेटस रेक्टमचं मधलं क्षेत्रफळ ८ए वर्ग भागिले ३. एलिप्सचं पाय गुणिले ए गुणिले बी. ३ बाय ३ मॅट्रिक्सच्या अ‍ॅडजॉइंटचा डिटरमिनंट म्हणजे मूळ डिटरमिनंटचा वर्ग. बायनॉमिअलमध्ये मीन ६ आणि व्हेरिअन्स ४ दिला की भागाकार करा, क्यू २/३, पी १/३, एन १८.

७. पर्यायांत लावलेले सापळे

पेपर काढणाऱ्याला आपण कुठे चुकतो ते पक्कं माहीत असतं. ते चुकीचं उत्तर पर्यायात हजर असतं, आणि आपण "आलं आलं" म्हणून त्यावर क्लिक करतो. माझ्या चुकांच्या वहीतले हे काही :

पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स. समीकरण ३एक्स वर्ग वजा ८एक्सवाय अधिक ५वाय वर्ग बरोबर शून्य. चढांची बेरीज विचारली. सूत्र उणे २एच भागिले बी. इथे २एच म्हणजेच उणे ८, उत्तर ८/५. घाईत एच उणे ८ धरलं की १६/५ येतं, आणि ते पर्याय ब मध्ये बसलेलं असतं.

टॅन इन्व्हर्स २ अधिक टॅन इन्व्हर्स ३. सूत्रात घातलं की उणे पाय बाय ४. दोन धन कोनांची बेरीज ऋण कशी येईल, हे कोणी थांबून विचारत नाही. गुणाकार १ पेक्षा मोठा असला की पाय मिळवायचा, खरं उत्तर ३पाय बाय ४.

ए ही ३ बाय ३ मॅट्रिक्स, तिचा डिटरमिनंट ५ असेल, तर २ए या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट १० नव्हे, ४०. प्रत्येक ओळीतून २ बाहेर येतो.

टेट्राहेड्रॉनचं घनफळ विचारलं की पोरं ट्रिपल प्रॉडक्ट लिहून थांबतात. एक षष्ठांश राहतो.

लॉजिकमधला निषेध, म्हणजे निगेशन, मला सांगलीच्या पुराने शिकवला. "पूर आला तर आयर्विन पूल बंद होतो" याचा निषेध काय? बहुतेक जण म्हणतात, "पूर आला नाही तर पूल बंद होत नाही." चूक. "पूर आला आणि तरी पूल बंद झाला नाही", हा निषेध. तर-वालं वाक्य मोडायचं असेल तर "आणि" लागतो.

आणि कधीकधी चूक तुमची नसते. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते, ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. दोनदा करूनही उत्तर पर्यायात नसेल तर खूण करून पुढे व्हा.

८. सराव पेपर आणि चुकांची वही

पूर्ण ९० मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पेपर तीन फेऱ्यांत सोडवा. पहिल्या ४५ मिनिटांत वाचताक्षणी वाट दिसते तेवढेच प्रश्न. दुसऱ्या ३० मिनिटांत खूण केलेले. शेवटच्या १५ मध्ये हिशोब तपासा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला काहीतरी उत्तर द्या. चार पर्यायांत डोळे झाकून १२ प्रश्न ठोकले तरी सरासरी ३ लागतात, म्हणजे ६ गुण.

पेपर झाल्यावर खरा अभ्यास. चुकलेल्या प्रश्नापुढे तीनपैकी एक अक्षर लिहा : "स" म्हणजे सूत्र आठवलं नाही, "घ" म्हणजे घाई, "न" म्हणजे धडाच कळलेला नाही. माझ्या पहिल्या पाच पेपरांत मला वाटत होतं सगळे "न" असतील. निघाले बहुतेक "घ". मग मी नवीन धडे वाचणं थांबवलं आणि वजा चिन्हं तपासायला लागले.

निदान तीन पेपर संगणकावर द्या. गावातल्या पोरांना माउसची सवय नसते. मोबाइलवर बोटाने दाबणं वेगळं, तिथे मान वर पडद्याकडे आणि आकडेमोड खाली कागदावर असते. प्रश्नातला आकडा उतरवून घेतानाच चुका होतात.

९. कागदपत्रं, गणिताआधी हीच अडवतात

आधार कार्डावरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते अकरावीतच बघा. वडिलांच्या नावात "राव" एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हे आपल्याकडे घरोघरी. फॉर्मच्या वेळी फोटो, सही, ओळखपत्र आणि चालू मोबाइल नंबर लागतो. नंबर घरातलाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको.

प्रवेश फेरीसाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र. राखीव प्रवर्गाला जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर, प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत अकरावीतच टाका. आजोबांच्या शाळेचा जुना उतारा शोधण्यातच दोन महिने जातात, आणि ते दोन महिने बारावीच्या मे महिन्यात तुमच्याकडे नसतात.

१०. परीक्षेच्या दिवशी

सकाळचं सत्र असेल तर हजेरी लवकर असते. जत, आटपाडी, खानापूरकडच्यांनी पहिल्या एसटीच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्री सांगली-मिरजेत पाहुण्यांकडे मुक्काम करा. केंद्र आदल्या दिवशी संध्याकाळी बघून या. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र एका पिशवीत, ती पिशवी आईकडे.

कच्च्या कामाचा कागद केंद्रावर मिळतो. त्याला दुमडून चार रकाने करा आणि प्रत्येक आकडेमोडीपुढे प्रश्न क्रमांक लिहा. शेवटच्या १५ मिनिटांत तपासायला परत याल तेव्हा सुरुवातीपासून करावं लागणार नाही. फिजिक्स-केमिस्ट्री कशीही गेली असली तरी गणित उघडायच्या आधी एक घोट पाणी प्या आणि पहिला प्रश्न अवघड वाटला तर तिसऱ्यापासून सुरू करा. मी सातव्यापासून केला होता.